चार बोल्टांची जाळी

मित्रांनो, मी एक जुनी जाळी आहे. मासे पकडायची नव्हे आणि डास अडवायची तर मुळीच नव्हे. मी पॉवर प्रेसची जाळी. प्रेस म्हणजे पत्रा दाबून कापणारं यंत्र. खाली साचा असतो, वर हत्तीच्या पायासारखा दट्ट्या, आणि जमिनीलगत पेडल. पेडल दाबलं की दट्ट्या खाली येतो. खाली पत्रा आहे की आणखी काही, हे तो पाहत नाही. त्याला डोळेच दिलेले नाहीत. म्हणून त्याच्या तोंडापुढे मला उभी करतात. माझ्या अंगात एक आडवी फट आहे. तिच्यातून पत्रा आत जातो, बोट जात नाही. माझं सगळं शिक्षण एवढंच.

माझा जन्म बेंगळुरातल्या पीण्या नावाच्या औद्योगिक वसाहतीत, एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. मला जोडणाऱ्या वेल्डरने डोळ्यांवर चष्मा लावला नव्हता. तो एक डोळा मिटून काम करत होता, म्हणजे गेला तर एकच जावा. संरक्षणाच्या वस्तू अशाच हातांनी जन्माला येतात. त्याने मला पिवळा रंग दिला, चार कोपऱ्यांना चार भोकं पाडली, आणि मी राजाजीनगरला नरसिंगरावांच्या कारखान्यात तीन नंबरच्या प्रेसला येऊन लागले.

नरसिंगराव म्हणजे बेंगळुरातल्या मराठ्यांची चौथी पिढी. कामगार त्यांना अण्णा म्हणतात. घरात मराठी, गिऱ्हाइकाशी कन्नड आणि यंत्राशी शिव्या, अशा तीन भाषा त्यांना उत्तम येतात. कारखान्यात कुकरच्या मुठीखालची पट्टी निघते. तुमच्या घरच्या कुकरची पट्टीही कदाचित माझ्या फटीतून गेली असेल. शिट्टी झाली की माझी आठवण काढा, असं मी म्हणणार नाही. वरणाच्या वेळी लोखंडाची आठवण कोण काढतो?

माझ्यापुढे स्टुलावर तुंगाबाई बसायच्या. सगळे त्यांना अक्का म्हणत. नऊ वर्षं आम्ही समोरासमोर होतो. त्या पत्रा सरकवायच्या, पेडल दाबायच्या, आणि पट्टी अडकली की मला खास बंगळुरी मराठीत म्हणायच्या, "मूदेवी, स्वल्प बाजूला हो की!" मूदेवी म्हणजे अवदसा. मी बाजूला होत नसे. मग त्या प्रेस बंद करायच्या, आकडी घालून पट्टी काढायच्या आणि पुन्हा सुरू करायच्या. जेवणाच्या सुट्टीत त्यांची फुलांची पिशवी माझ्यावर टांगलेली असे. अक्का मोगरा गुंफायच्या. बोटांकडे न बघता गुंफायच्या, बोलता बोलता, भांडता भांडतासुद्धा. दोरा आणि फुलं त्यांच्या हातात आपापलं ठरवून घ्यायची.

अकरा वर्षांत माझी स्तुती एकदाच झाली. एक तपासनीस आले, त्यांनी मला पेनाने टकटक केलं आणि "गुड" म्हणाले. मग ते चहाला गेले. तो दिवस मी अजून जपून ठेवला आहे.

आता त्या दसऱ्याकडे येते. आमच्याकडे दसऱ्याच्या आदल्या दिवशी आयुधपूजा असते. नरसिंगराव घरात तिला खंडेनवमी म्हणतात. त्या दिवशी यंत्रं पुसतात, त्यांना गंध-कुंकू लावतात, झेंडूचे हार घालतात, आणि दारात कोहळा फोडतात. शहरभर फुटलेल्या कोहळ्यांवरून स्कूटरी घसरतात आणि माणसं पडतात. कोहळा संकट टाळण्यासाठी असतो.

पूजेच्या सकाळी नरसिंगरावांनी तीन नंबरकडे बघितलं आणि म्हणाले, "मालोजी, देवाच्या तोंडावर ही जाळी कशाला? दर्शन कसं होणार?"

मालोजी म्हणजे फोरमन. पन्नाशीचा, भला माणूस. त्याने पाना आणला, माझे चार बोल्ट काढले आणि मला भिंतीला टेकवून ठेवलं.

"दोनच दिवस हं," तो म्हणाला. कोणाला म्हणाला ते कळलं नाही. मला वाटलं, मलाच.

अक्कांनी प्रेसला हार घातला. प्रेसच्या चौकटीला माझ्या बोल्टांची चार भोकं मोकळी दिसत होती. त्यांनी ओलं गंध लावून त्या चार भोकांवर कुंकवाचे चार ठसठशीत टिळे दाबले. उजव्या हाताच्या अनामिकेने. प्रेस खरंच छान दिसत होता, एखाद्या जावयासारखा.

दोन दिवसांनी मालोजी मला लावायला आला. पण भोकांवर पूजेचं कुंकू होतं. "कुंकू पुसायचं नसतं रे, आपसूक जाऊ दे," अक्काच म्हणाल्या. "सरी," म्हणजे बरं, असं म्हणून मालोजी गेला. मग कुंकू आपसूक जायची वाट बघणं सुरू झालं. प्रेसच्या भोवती सदा तेलाची बारीक वाफ असते. ती कुंकवावर बसली आणि त्याच्यावर वार्निश चढवल्यासारखं झालं. हे कुंकू आता प्रलयापर्यंत टिकणार होतं.

तेवढ्यात माझे बोल्टही कामाला लागले. एक देवाच्या फोटोच्या फळीला गेला. दोन नरसिंगरावांच्या डुगडुगणाऱ्या खुर्चीला गेले. चौथ्याने मालोजीच्या स्कूटरची नंबरप्लेट धरली. तसले बोल्ट हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. दुकान आमच्या फाटकापासून चाळीस पावलांवर आहे.

आणखीही एक गोष्ट झाली, आणि खरी गोष्ट तीच. माझ्यासकट तासाला पाचशे पट्ट्या निघायच्या. माझ्याशिवाय सातशे निघाल्या. नरसिंगराव म्हणाले, "वा!" दुसऱ्या महिन्यात फळ्यावर सातशे हाच आकडा रंगाने लिहिला गेला. खडूने लिहिलेलं पुसता येतं, मित्रांनो. रंगाने लिहिलं की तो नियम होतो. आता मला परत लावायचं तर वर्षातून एकदा येणारं कुंकूच नव्हे, रोज दिसणारा आकडाही पुसावा लागला असता.

मी भिंतीपाशी आठ महिने काढले. माझ्यावर रुमाल वाळले. जेवणाच्या सुट्टीत मी क्रिकेटचा स्टंप झाले. माझ्यावर सव्वीस जण क्लीन बोल्ड झाले. त्या काळात मी केलेली एवढीच अडवणूक. जूनमध्ये एका मांजरीने माझ्यामागे तीन पिल्लं घातली.

त्याच जूनमधली एक सकाळ. अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. चहाची किटली नुकतीच आत आली होती. तीन नंबरला पट्टी साच्यात अडकली. अक्कांचा पाय पेडलवर होता. सातशेच्या हिशेबात पाय खाली घ्यायला वेळ नसतो. त्यांनी हात आत घातला.

मी दहा फुटांवर होते. सगळं दिसत होतं.

आवाज पट्टी कापल्यासारखाच आला. म्हणून पहिल्यांदा कोणी वळूनही पाहिलं नाही. अक्कासुद्धा क्षणभर साच्याकडे बघत राहिल्या. मालोजीने धावत येऊन माझ्यावर वाळत घातलेला टॉवेल ओढला आणि त्यांच्या हाताला गुंडाळला. टॉवेल ओढताना मी पडले. मला परत उभी करायला मात्र कोणीतरी लगेच आलं, कारण वाटेत अडथळा नको.

अक्कांच्या उजव्या हाताचं मधलं बोट आणि अनामिका गेली.

त्यानंतर कारखान्यात सुरक्षेची कामं झपाट्याने झाली. पहिल्या दिवशी दारावर नवा कोहळा टांगला. त्याला मोठे डोळे आणि मिशा काढल्या. दुसऱ्या दिवशी नरसिंगरावांनी स्वतः एक पोस्टर आणलं. पिवळं शिरस्त्राण घातलेला एक हसरा माणूस, आणि खाली कन्नडमध्ये लिहिलेलं, 'सुरक्षितता तुमच्याच हाती'. भिंत ओली होती, पोस्टर चिकटेना. मग ते जवळच्या एका सपाट वस्तूवर खळीने चिकटवलं.

ती वस्तू मी.

तिसऱ्या दिवशी अहवाल लिहिला गेला. त्यात होतं: 'कामगार तुंगाबाई यांनी त्या सकाळी माल भरभर निघावा म्हणून जाळी स्वतः काढली. त्यातून अपघात घडला. उपाय: कामगारास योग्य ती समज दिली.' अक्का त्या वेळी हॉस्पिटलात गुंगीत होत्या. समज कोणी आणि कधी दिली, हे अहवालात नव्हतं.

चौथा आठवडा उजाडला. कुकर कंपनीला, म्हणजे आमचा माल घेणाऱ्यांना, अपघात कळला होता. त्यांनी चौकशीला माणूस पाठवायचं ठरवलं. त्याच सकाळी अक्कांना बोलावून घेतलं. हाताला पांढरं बँडेज, बरोबर त्यांची भाची रक्षिता. रक्षिता आमच्याकडेच पॅकिंगला असते. सोमवारपासून तिला तीन नंबरवर बसवायचं ठरलं होतं.

मालोजीने अक्कांपुढे कागद धरला. "अक्का, जाळी तुम्ही काढली असं आहे यात. उजव्या हाताने सही होणार नाही, डावा अंगठा द्या."

"मी कुठं काढली रे?"

"नाही हो. पण असं लिहिलं तर मिटतं. अण्णा तुम्हाला हलकं काम देतो म्हणालेत. नाही तर कारखाना बंद करतील म्हणे ते लोक. मग सगळेच घरी."

"आणि रक्षी बसणार त्या जागी?"

मालोजीने खाली बघितलं. "पोरीला सांगू ना सांभाळून कर म्हणून."

"मला काय तू सांगितलं नव्हतंस?"

त्याने शाईचं पॅड पुढे सरकवलं. अक्का बराच वेळ रक्षिताच्या हातांकडे बघत होत्या. मग त्यांनी डावा अंगठा शाईच्या पॅडवर ठेवला.

तेवढ्यात चौकशीची बाई आली. यशश्री तिचं नाव, मूळची पुण्याची. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या सर्जापूर रोडवरून राजाजीनगरला यायला तिला अडीच तास लागले होते. त्यामुळे चौकशीला लागतो तसा तिचा मूड अगोदरच तयार होता.

"मॅडम मराठी?" नरसिंगराव खुलले. "मग आपलेच की! बसा, स्वल्प कॉफी घ्या."

"कॉफी नंतर. आधी प्रेस बघूया."

"प्रेस कुठं पळतोय? हे बघा, बाई अनुभवी, पण काय करणार! सकाळी आली आणि जाळी काढून मोकळी झाली."

"काढताना कोणी पाहिलं?"

मालोजीने घसा खाकरला. "पाहिलं म्हणजे... त्या सकाळी जाळी जागेवर नव्हती."

हे अक्षरशः खरं होतं. त्या सकाळी मी जागेवर नव्हते. आदल्या सकाळीही नव्हते.

"बरं. मग काढलेली जाळी आता कुठे आहे?"

दोघांनाही आठवेना. मित्रांनो, ते खोटं बोलत नव्हते. आठ महिन्यांत मी जाळी राहिलेच नव्हते. मी रुमालांची दांडी होते, स्टंप होते, पोस्टरची पाठ होते. मालोजी माझ्यासमोर उभा राहून मला शोधत होता. कपाटामागे बघितलं, टाकीखाली बघितलं. माझ्यावर हात टेकून त्याने वाकून बाकाखालीही बघितलं.

यशश्री पोस्टरपाशी आली. ती ते वाचणार तेवढ्यात पोस्टरवरच्या हसऱ्या माणसाच्या नाकातून मांजराचा पंजा बाहेर आला.

ती दचकून मागे झाली. पंजा आत गेला. मग दुसऱ्या पिल्लाने त्या माणसाचा डोळा फाडला. यशश्रीने पोस्टरचा कोपरा धरून सरळ ओढला, आणि तीन आठवड्यांनी माझं तोंड पुन्हा उघडं पडलं.

"ही काय आहे?"

"अय्यो," मालोजी म्हणाला. "हीच की."

"म्हणजे अपघातानंतर सावधगिरीचं पोस्टर तुम्ही सावधगिरीवरच चिकटवलंत?"

नरसिंगराव म्हणाले, "भिंत ओली होती, मॅडम."

"लावून दाखवा जागेवर."

मालोजीने मला उचललं. त्याने मला प्रेसच्या तोंडाशी नेलं आणि थांबला. समोर चार भोकं, आणि चारांवर चार कुंकवाचे टिळे, तेलाने घट्ट झालेले, कुठेही न खरवडलेले.

यशश्रीने मोबाइलचा उजेड टाकला. एक टिळा भोकाच्या बरोबर तोंडावर होता. "या भोकांत त्या सकाळपर्यंत बोल्ट होते, असं म्हणताय तुम्ही?"

मग मागून आवाज आला, "थांबा, बघू."

अक्का उठून आल्या होत्या. त्यांनी वाकून बघितलं. कुंकवात बोटाच्या रेषा उमटल्या होत्या, पेराच्या टोकापर्यंत स्पष्ट. ओल्या गंधावर दाबल्या की उमटतात तशा.

"हे माझं बोट," अक्का म्हणाल्या.

शाईचा डावा अंगठा त्यांनी त्या ठशाजवळ नेला, पण टेकवला नाही. "गेल्या आयुधपूजेला लावलं होतं. हे इथं राहिलं बघा. दुसरं कुठं राहिलं नाही."

रक्षिता रडायला लागली. अक्का रडल्या नाहीत. त्यांनी पदराला अंगठा पुसला, आणि तो कागद मालोजीच्या हातात बिनअंगठ्याचाच राहिला.

मालोजीने मला हळूच खाली ठेवलं. "मी काढली मॅडम," तो म्हणाला. "ह्याच हाताने. पाना माझाच."

नरसिंगराव खुर्चीत बसले. खुर्ची अजिबात डुगडुगली नाही. "मी सांगितलं त्याला," ते खाली बघून म्हणाले. "दर्शन होत नव्हतं म्हणून."

मला वाटलं, आता यशश्री कोणावर तरी ओरडणार. पण तिने वहीचं नवं पान उघडलं. "कोणी काढली ते लिहिलं. आता सांगा, परत का लावली नाही?"

या प्रश्नाला वेळ लागला. कुंकू निघालं. बोल्ट निघाले, फळीतले, खुर्चीतले, नंबरप्लेटचे. फळ्यावरचे सातशे निघाले. अक्काही बोलल्या. "मीच म्हणाले कुंकू पुसू नको म्हणून. आणि खोटं कशाला बोलू, जाळी नव्हती तर हात भरभर चालायचा. मलाही बरं वाटायचं." यशश्रीने तेही लिहिलं. पान भरलं तेव्हा त्यात एकही राक्षस नव्हता. आठ महिने थोडं थोडं काणाडोळा करणारी चांगली माणसं होती, आणि दोन बोटं.

"मग चूक कोणाची म्हणायची?" नरसिंगरावांनी विचारलं.

"ते ठरवणारे ठरवतील," यशश्री म्हणाली. "सोमवारी या स्टुलावर कोण बसणार आणि तिच्यापुढे काय असणार, ते मला आज ठरवायचंय."

संध्याकाळी मालोजी चाळीस पावलं चालून गेला आणि चार बोल्ट घेऊन आला. मला जागेवर बसवलं. बोल्ट आत जाताना कुंकवाची खपली पडली, ती अक्कांनी डाव्या तळहातात घेतली आणि पदराच्या टोकाला बांधली. फळ्यावरचा सातशे खरवडून काढला. तो आकडा अजून पुसट दिसतो.

अक्कांना आता तपासणीच्या टेबलावर बसवलं आहे. त्या पट्ट्या डाव्या हाताने उलटसुलट करून बघतात. मोगरा गुंफत नाहीत. एकदा प्रयत्न केला होता. दोरा सुटला, फुलं जमिनीवर पडली, आणि त्यांनी ती कोणाला उचलू दिली नाहीत.

परवा पुन्हा आयुधपूजा झाली. एक नवा माणूस पाना घेऊन माझ्यापुढे आला. "हिला काढू का? दर्शन नीट होईल."

कोणी उत्तर द्यायच्या आत अक्का टेबलावरून उठल्या. काही न बोलता त्यांनी उजवा हात माझ्यावर ठेवला. तीन बोटांचा. नव्या माणसाने हाताकडे पाहिलं आणि पाना खिशात घातला.

मग अक्कांनी गंध माझ्यावर लावलं आणि कुंकवाचे टिळे माझ्या चार बोल्टांवर ठेवले. डाव्या हाताने. टिळे वाकडे आले. रक्षिता स्टुलावरून म्हणाली, "अक्का, एक तिरका झाला गं." अक्का म्हणाल्या, "असू दे. त्या हाताला सवय नाही अजून."

मित्रांनो, आयुष्यात मला फार काही कळलेलं नाही. मी एक फट असलेला पत्रा आहे. पण 'दोन दिवसांसाठी' म्हणून काढलेल्या वस्तू मी खूप पाहिल्या. जिन्याचा कठडा असेल, मिक्सरचं झाकण असेल, विजेच्या डब्याचं दार असेल. तुमच्या घरी, शाळेत, बाबांच्या कामावर असं काही भिंतीला टेकवून ठेवलेलं दिसलं, तर कोणी काढलं म्हणून भांडू नका. तिसऱ्या दिवशी फक्त विचारा, परत कधी लावताय? लोक चिडतील, तुम्हाला मूदेवी म्हणतील. म्हणू द्या. मला नऊ वर्षं म्हणत होते. त्या नऊ वर्षांत अक्कांची दहाही बोटं होती.